नानकटाईवरचा अंगठा

एस्तेर,

तुझी माती होऊन आज बारावा दिवस, आणि मला तुझी भीती वाटते आहे.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. साठाहून अधिक वर्षांच्या संसारात तू माझ्यावर आवाजसुद्धा क्वचित चढवलास. माझी भीती त्यातली नाही. तू होतीस तोवर मला एकच धास्ती होती, की कधीतरी तुला कळेल. आता तू गेलीस तिथे झाकलेलं काही राहत नाही, असं आपण दोघंही लहानपणापासून मानत आलो. म्हणजे तुला कळलं असणार. आणि मी इथे निगडीच्या घरात तुझ्या खुर्चीकडे पाठ करून बसलो आहे. तोंड करून बसवत नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीच्या मासिकासाठी तुझ्याविषयी लिहून मागितलं आहे. "आजोबा, नानकटाईचा प्रसंग मात्र नक्की घ्या," असंही म्हणाले. दफनविधीच्या वेळी त्यांनी तोच सांगितला होता. तू पेटीत होतीस, मी पहिल्या बाकावर. ते म्हणाले, एका बेकरीवाल्याने द्वेषापोटी आजींच्या नाताळच्या नानकटाईवरचे क्रूस पुसून टाकले, पण त्यांच्या अंतःकरणातला क्रूस कुणाला पुसता आला नाही. लोकांनी माना डोलावल्या. शेजारी आपली सुनीता रडत होती. मी काठीवर हात ठेवून बसलो होतो, आणि उजवा अंगठा आपोआप मुठीत गेला.

एस्तेर, ते क्रूस मी पुसले. खेमचंदने नाही.

आता क्रमाने सांगतो. तुला माहीत असलेलंही सांगावं लागेल, कारण मासिक वाचणाऱ्यांपैकी ते दिवस पाहिलेलं आता कुणी उरलं नाही.

नवे पैसे सुरू झाले त्या सालातली गोष्ट. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला होता आणि मला तिथे बाटल्या धुण्याच्या खात्यात नोकरी लागली होती. लग्नाला वर्ष झालं होतं. तू नगरहून एक ट्रंक घेऊन आलीस. क्वार्टर मिळायला अवकाश होता, म्हणून मी पिंपरी गावात खोली शोधत होतो. दोन घरी खरं खरं सांगितलं, आम्ही ख्रिस्ती आहोत. दोन्ही ठिकाणची खोली आदल्याच दिवशी दुसऱ्याला दिलेली निघाली. तिसरं घर तात्यांचं. म्हशी राखून दूध घालणारे, गावातले जुने शेतकरी. त्यांनी मला ओसरीवर बसवून पाणी दिलं.

"कोन म्हनायचं तुमी?"

"पवार."

"कुठलं पवार?"

"नगरकडचे."

"म्हंजी आपल्यातलंच."

मी मान हलवली. तोंडाने खोटं बोललो नाही, असं पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होतो.

"आन मालकिनीचं नाव?"

"तारा," मी म्हणालो. एस्तेर म्हणजे तारा, हे तूच मला लग्नाच्या आधी सांगितलं होतंस. तेही अगदीच खोटं नव्हतं, अशी समजूत मी करून घेतली. तू बाहेर ट्रंकेवर बसली होतीस. मी येऊन म्हणालो, "खोली मिळाली. इथे तुझं नाव तारा."

"आणि तुम्ही कोण?" तू विचारलंस.

मी ट्रंक उचलली.

त्या खोलीत येशूचं चित्र ट्रंकेच्या तळाशी राहिलं आणि पवित्र शास्त्र पिठाच्या डब्यामागे. जेवणाआधीची प्रार्थना आपण दार लोटून करायचो. रविवारी खडकीच्या चर्चला जाताना मी तात्यांना सांगायचो, मावशी आजारी आहे, बघून येतो. तुला हे सगळं सहन होत नव्हतं. एकदा तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "पेत्राने कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं. तुमचं रोज चाललंय."

"खोली गेली तर जायचं कुठे? तुला दिवस गेलेत."

"मग आपण एक कोंबडा पाळू या. वेळेवर आरवेल. तुम्हाला आठवण राहील."

"तात्या विचारतील, कोंबडा कशाला?"

"बघा. आता कोंबड्याचीसुद्धा भीती."

मला हसू आलं. पण खरं होतं. मी लहान असताना आमचं सामान दोनदा रस्त्यावर आलं होतं. एका टोपलीत आईचा तवा आणि वडिलांचं शास्त्र एकावर एक ठेवलेलं मी पाहिलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण सांगितलं की अपराध हलका होतो, असं मला वाटत नाही. पण मी कशाला भीत होतो, ते तुला तेव्हा नीट सांगितलं नव्हतं. तू ज्या घरातून आलीस तिथे येशूचं चित्र दाराच्या समोरच्या भिंतीवर होतं. तुला भीती शिकवलीच गेली नव्हती.

नाताळ जवळ आला तशी तू नानकटाईची गोष्ट काढलीस. तुमच्या घरची ती रीत. तुझ्या आईला मिशनच्या मडमेने नाताळची चांदणीच्या आकाराची बिस्किटं शिकवली होती. आईकडे ना लोणी, ना साचा, ना भट्टी. तिने डालडा फेसून नानकटाई केली, गावातल्या बेकरीत भाजून आणली, आणि चांदणीच्या जागी सुरीच्या पाठीने क्रूस कोरला. पुढे त्यात तिची स्वतःची भर पडली. प्रत्येक नानकटाई एकेका माणसाच्या नावाची. क्रूस कोरताना त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी मनात प्रार्थना करायची. आईकडून ते तुझ्याकडे आलं.

"फराळ दिवाळीला करतात," मी म्हणालो. "डिसेंबरात नानकटाई कशाला, असं तात्यांच्या घरात कुणी विचारलं तर?"

"सांगा, भावाकडे बारसं आहे."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं कसलं? एका बाळासाठीच तर आहे सगळं."

पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात खेमचंदची बेकरी होती. फाळणीत सिंधमधून सगळं सोडून आलेला माणूस, पत्र्याची शेड घालून त्यात त्याने भट्टी बांधली होती. बायका घरचा मैदा, रवा, डालडा, साखर मळून न्यायच्या. तो पत्रे द्यायचा. ओट्यावर बसून गोळे वळून पत्र्यावर मांडायचे, आणि नंबर लागला की तो लांब दांड्याने पत्रा भट्टीत सरकवायचा. पुरुषांना तो साईं म्हणायचा आणि बायकांना बहन.

माझी दुसरी शिफ्ट होती, म्हणून आपण सकाळीच गेलो. तू ओट्यावर मांडी घालून बसलीस. गोळा वळायचा, चपटा करायचा, सुरी उलटी धरायची, आणि ओठ हलवायचे. मी शेजारी बसून ऐकत होतो. आई. आबा. शाळेतल्या बाई. माझी आजी. मग तू म्हणालीस, "खेमचंद."

"तो कशाला? तो आपल्यातला नाही."

"भाजणाराच विसरायचा का?"

माझ्या नावाच्या नानकटाईवरचा क्रूस जरा तिरका गेला. मी बोट दाखवलं. तू म्हणालीस, "माणूस आहे तशी केली." सगळ्यात शेवटी, दुसऱ्या पत्र्याच्या कोपऱ्यात, तू सुपारीएवढा एक गोळा ठेवलास आणि सुरीच्या टोकाने त्याच्यावर इवलासा क्रूस काढलास. नाव घेतलं नाहीस. "याचं नाव नंतर," म्हणालीस.

मग डालड्याच्या वासाने तुला मळमळायला लागलं. "मी घरी जाते. तुम्ही बसा. पत्र्यांवर लक्ष ठेवा."

तू वळणावरून दिसेनाशी झालीस आणि दुसऱ्या बाजूने तात्यांचा आवाज आला. ते खेमचंदला दूध घालायचे, पण नेहमी पहाटे. त्या दिवशी उशीर का झाला, कोण जाणे. दोन्ही हातांत किटल्या होत्या. ते सरळ ओट्याकडेच येत होते. माझ्यासमोर दोन पत्रे भरून क्रूस होते, उघडे.

पत्रे झाकायला फडकं नव्हतं. मी अंगठा टेकवला.

पहिला क्रूस पुसताना हात थरथरला. दुसऱ्यापासून थरथरला नाही. मला आज ते आठवलं की जास्त भीती वाटते. नावांचा क्रम मला पाठ झाला होता. तुझी आई, आबा, बाई, माझी आजी, खेमचंद, मी. एकेकावर अंगठा दाबून, जरासा फिरवून पुढे. कोपऱ्यातल्या त्या लहानावर अंगठा मावत नव्हता. तो सबंध चेपला. मी बोटाने कडा सारख्या केल्या.

"काय पवार, नानकटाया? दिवाळी तर झाली की."

"बारसं आहे. मेव्हण्याकडे."

"मंग आमच्या घरला चार द्या. म्हातारीला दात न्हाईत, ह्या चालत्यात तिला."

"देतो की."

"आन अशा चेपलेल्या का? नक्षी न्हाई काढली?"

"घाई होती जरा."

"घाईचं बारसं." तात्या हसले, खेमचंदच्या पातेल्यात दूध ओतलं आणि गेले.

खेमचंद भट्टीच्या तोंडाशी दांडा घेऊन उभा होता. त्याने पत्र्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पत्रे आत सरकवले.

घरी तू डबा उघडलास तो क्षण मी पुष्कळदा विसरायचा प्रयत्न केला. तू एकेक नानकटाई उचलून खिडकीच्या उजेडात धरलीस आणि खाली ठेवलीस. "हे कुणी केलं?"

"भट्टीत फुगून बुजले असतील."

"मी पाच वर्षांची असल्यापासून नानकटाई करते. भट्टीत क्रूस बुजत नाही, उलट उमलतो. हा अंगठा आहे. कुणीतरी दाबलंय."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं. शब्द तोंडात आला होता. पण तू कोपऱ्यातला तो चपटा तुकडा तळहातावर घेऊन बसली होतीस. मी म्हणालो, "मला काय माहीत. पत्रे त्याच्या ताब्यात होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू डबा काखेत घेऊन कॅम्पात निघालीस. मी सायकल घेऊन मागोमाग. बेकरीपुढे बायकांची रांग होती. तू रांग सोडून पुढे गेलीस आणि मोठ्याने विचारलंस, "आमचा क्रूस तुम्हाला का खुपला?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला खेमचंदची कीव आली नाही की तुझी काळजी वाटली नाही. गावातलं कुणी ऐकायला आहे का, ते मी बघत होतो.

खेमचंद हात पुसत बाहेर आला. "बहन, मैं तो अंदर डालता, बाहर निकालता. हाथ किस लिए लगाऊँगा?"

"मग कुणी लावला?"

तो माझ्याकडे वळला. "साईं, आप तो यहीं बैठे थे."

मी म्हणालो, "मी मधे थोडा वेळ बाहेर गेलो होतो."

त्याने तुझ्या डब्यातली एक नानकटाई घेतली आणि तिच्यावरच्या खळग्यात स्वतःचा अंगठा ठेवला. भट्टीने भाजून त्याचा अंगठा रुंद झाला होता. खळग्यात बसेना. त्याने हात तुझ्यापुढे धरला, "देखो, बहन." तू पाहिलं नाहीस. मग त्याची नजर सायकलच्या दांड्यावरच्या माझ्या हाताकडे गेली. मी हात खिशात घातला. एका हाताने सायकल सावरेना, ती माझ्या अंगावर कलली.

त्याने नानकटाई डब्यात परत ठेवली. मग म्हणाला, "हुआ होगा, बहन. हमसे ही हुआ होगा. माफ करो. मी परत भाजून देतो, मैदा माझा."

"तुमच्या भट्टीत पुन्हा कधी नाही," तू म्हणालीस.

त्या वेळी मला वाटलं, हाही माझ्यासारखाच भित्रा. गिऱ्हाईक जाईल म्हणून कबूल झाला. त्याने काय केलं ते समजायला मला फार वर्षं लागली. आदल्या दिवशी त्याने पत्र्यांवरचे क्रूस पाहिले होते, नंतर अंगठे पाहिले होते, आणि मधे माझं तात्यांशी झालेलं बोलणं ऐकलं होतं. डोक्यावरचं छप्पर जाण्याची भीती कशी दिसते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हा माझा अंदाज आहे. मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानंतर बेकरीवरून जाताना मी मान खाली घालून जोरात पायडल मारायचो.

मार्चात, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू असताना, आपली पहिली मुलगी मेलेलीच जन्मली. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. मी औषधाच्या कारखान्यात होतो, अंगठ्याने मूल मरत नाही हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि न भिणं वेगळं. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. म्हणालीस, "त्याने तिला आधीच पुसलं होतं."

मी तुझ्या पायाशी बसलो होतो, आणि तुझ्या पायाला हात लावायचीही मला भीती वाटली.

बाहेर आलो तर तात्या ओसरीवर उभे होते. ते हळूच म्हणाले, "पवार, ल्हान लेकरू आमीबी पुरतोच. आमच्या बांधाला जागा देतो. पन तुमच्या खडकीच्या लोकांत न्यायचं आसंल तर गाडी जुंपतो."

"आमच्या लोकांत म्हणजे?"

"आता ऱ्हाऊ द्या की. दर आइतवारी खडकीला कोन आजारी आसतं, राव? ती मावशी बरीबी व्हईना आन मरंबी ना."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पयल्या म्हैन्यापास्नं. तारावैनी भाकरी थापताना गानं म्हनत्यात, त्यात येशू हाय. आमाला काय ऐकू येत न्हाई व्हय?"

"मग बोलला नाहीत?"

"तुमी लई भ्यालेलं दिसला. म्हनलं, सांगतील तवा सांगतील."

त्यांनी गाडी जुंपली. मांडीवर ते गाठोडं घेऊन मी खडकीपर्यंत गेलो. मी सगळ्या वाटेवर एकच गोष्ट घोकत होतो. ज्याच्या भीतीने मी ते सगळं पुसलं, त्याला सगळं ठाऊक होतं. म्हणजे मी कुणासाठीच पुसलं नव्हतं.

तात्यांना ठाऊक होतं, एवढं मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं. तू उठून ट्रंक उघडलीस आणि येशूचं चित्र बाहेर काढून खिळ्याला लावलंस. माझी गोष्ट मात्र मी सांगितली नाही. म्हटलं, तू जरा सावर, मग सांगू. मग सुनीता झाली, आपल्याला क्वार्टर मिळालं, तुझा चेहरा पुन्हा उजळला, आणि तो उजेड जाईल म्हणून मी थांबलो. थांबण्याची कारणं दर वर्षी नवी मिळत गेली.

तू ती गोष्ट खडकीच्या मंडळीत सांगितली होतीस. पुढच्या नाताळला कारखान्यातल्या आपल्यापैकी एकाही घरचा पत्रा खेमचंदकडे गेला नाही. दोनेक वर्षांनी तो बेकरी विकून उल्हासनगरला गेला. आपल्यामुळेच गेला असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे माझ्या भित्रेपणाला नसलेला मोठेपणा देणं. पण तो गेला तेव्हा त्याच्या नावाला जे चिकटलं होतं, ते मी चिकटवलं होतं. गोष्ट मागे राहिली आणि वाढली. आधी त्याने अंगठ्याने दाबलं होतं, मग तो हसला होता, मग त्याने काही पत्रे फेकून दिले होते. आपल्या नातवंडांना ती 'सिंध्याची गोष्ट' म्हणून माहीत आहे. सुनीताची कॉलेजातली सिंधी मैत्रीण घरी यायची तेव्हा तू तिला चहा द्यायचीस, प्रेमाने बोलायचीस, पण नानकटाईचा डबा खाली काढायची नाहीस. मी पाहायचो. तुझ्यासारख्या बाईच्या मनात तेवढाच एक कोपरा कडू होता, आणि तो कडूपणा माझ्या हातचा होता.

घरात विजेची भट्टी आल्यावर तू बाहेर कुणाच्या हाती पीठ दिलंच नाहीस. दर नाताळला नावं घेऊन क्रूस कोरायचीस, पहिल्यापेक्षा खोल. बेकरीवाल्याचं नाव त्यात पुन्हा आलं नाही. पण सुपारीएवढी ती एक दर वर्षी व्हायची. ती कुणाला द्यायची नाही, टाकायची नाही. तू ती माझ्या हातावर ठेवायचीस. "बापाने खावी."

मी खायचो. एस्तेर, आठवडाभर आधीपासून मला त्या घासाची भीती वाटायची. डाळींच्या डब्यांमागून तू मैद्याची पिशवी काढलीस की मी चप्पल घालून बाहेर पडायचो. तुला वाटायचं, मुलीच्या आठवणीने माझा घास अडतो. तू पाणी आणून द्यायचीस आणि पाठीवरून हात फिरवायचीस. तो हात मी फुकट घेतला, एवढी वर्षं.

आणि तरीही मी सुखात राहिलो, हेही लिहिलं पाहिजे. निगडीच्या या घराच्या पाटीवर तू आधी तुझं नाव घालून घेतलंस, मग माझं. पाटी करणारा विचारत होता, "आजी, उलटं नाही ना झालं?" तू म्हणालीस, "एकदा यांनी माझं नाव बदललं होतं. आता मी क्रम बदलला." मी तुझ्या मागे उभा होतो. आयुष्यभर मी तुझ्या मागेच उभा राहिलो, आणि तिथे मला सुरक्षित वाटायचं. ज्या माणसाला मी फसवलं त्याच्याच सावलीत मी निर्धास्त जगलो.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, दुपारी सुनीता जेवायला गेली होती. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "अहो, त्या खेमचंदला मी माफ केलं. मनात काही घेऊन जायचं नाही."

मी तुझा हात धरला होता. खोलीत कुणी नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ देव मला देऊ शकला नसता. मी म्हणालो, "बरं केलंस."

"मला हलकं वाटलं. तुम्हाला नाही वाटलं?"

"वाटलं की."

"मग तोंड असं का?"

"तू झोप आता," मी म्हणालो.

ज्याने काही केलं नव्हतं त्याला तू माफ करून गेलीस. ज्याने केलं तो तुझा हात धरून बसला होता.

इथवर लिहिलेलं काल सुनीताला वाचायला दिलं. तिने वाचलं आणि कागदांची परत घडी केली. मग म्हणाली, "बाबा, हे छापायचं?"

"हो."

"आईला आता काय फरक पडतो?"

"तिच्यासाठी नाही. खेमचंदसाठी."

"त्याचं कुणी वाचणार आहे का हे?"

"आपल्या मंडळीतले वाचतील. त्यांच्यातच त्याचं नाव खराब झालंय."

"तुम्हाला लोक काय म्हणतील, कळतंय का?"

कळतंय. त्याचीच भीती वाटते. नव्वदीला टेकलो तरी लोक काय म्हणतील याने हातपाय गार पडतात, हे मला आज कळलं. पाळकसाहेबांनी हे छापलं नाही, किंवा मधलं गाळून छापलं, तर रविवारी उपासना संपल्यावर मी उभा राहून वाचीन. सुनीताने काठी धरावी, एवढंच मी तिला सांगितलं आहे. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. रात्रीची भाजी मात्र माझ्या आवडीची केली.

राहता राहिली तू. तुझ्या रागाची मी तयारी केली आहे. तू काय काय म्हणशील, त्याची वाक्यंसुद्धा मला सुचतात, काही तर फार चांगली. तेवढं ऐकून घेता येईल. मला भीती आहे ती दुसरीच. आपलं चुकलं असं कळलं की तुला पाणी गोड लागायचं नाही. भाजीवालीला चुकून बोलल्याचं लक्षात आल्यावर भर उन्हात तिच्या घरापर्यंत चालत गेलेली बाई तू. आता तुला कळलं असेल, तर तू माझ्यासाठी थांबलीही नसशील. तू खेमचंदला शोधायला निघाली असशील. तो कुठे असेल, स्वर्गाच्या दारात की दुसऱ्या, ते पाळकसाहेबांना पक्कं माहीत असतं, मला नाही. पण तू त्याला शोधून काढशील आणि त्याच्यापुढे हात जोडशील, आणि त्याच्या माझ्यामधलं जे आहे ते तुझ्या हाताने मिटवून टाकशील. मग मला आयुष्यभर केलं तसं पुन्हा तुझ्या मागे उभं राहायचं तेवढं उरेल.

म्हणून घाईने लिहितो आहे. एवढं माझं ऐक. त्याची माफी तू मागू नकोस. ती माझी आहे. मी येईपर्यंत त्याच्यापाशी नुसती बस.